आधी अक्षर वाचा, मग आकडा

सहार विमानतळ ते बीकेसी हा बसप्रवास या आठवड्यात करू म्हणालो होतो. ते राहू दे, बीकेसी कुठे पळून जात नाही. डोंबिवलीच्या एका वाचकबाईंचं पत्र आलंय आणि त्यांचा मुलगा त्याआधी निघतोय.

मुलगा कंपनीच्या कामासाठी पहिल्यांदाच हाँगकाँगला चाललाय, ऑफिस सेंट्रलमध्ये. विमानतळावरून मी मागे ए११ बस सांगितली होती. त्याला फोनवर ई११ दिसली, तीही सेंट्रललाच जाते आणि भाडं जवळजवळ निम्मं. बाई विचारतात, ‘ए म्हणजे एसी ना? मग साध्या गाडीने गेला तर काय बिघडलं?’

बाईंचा तर्क पक्का मुंबईचा आहे. बेस्टच्या आकड्याआधी ए लागला की गाडी वातानुकूलित, हे आपल्या डोळ्यांना सवयीचं झालंय. पण हाँगकाँगमध्ये सगळ्याच बस वातानुकूलित. तिथे ए म्हणजे एअरपोर्ट, ई म्हणजे एक्स्टर्नल, एस म्हणजे शटल आणि एन म्हणजे नाइट. काई टाकचा जुना विमानतळ भर वस्तीत होता, तेव्हाही ए१ धावायचीच. ६ जुलै १९९८ला विमानतळ लांताऊ बेटाला लागून असलेल्या चेक लाप कोकला गेला आणि हे अक्षरांचं कुटुंब वाढलं.

आता हे ‘एक्स्टर्नल’ काय प्रकरण? बाहेरची, पण कशाच्या बाहेरची? तर लांताऊच्या बाहेरची. म्हणजे नाव ठेवणारा माणूस मनाने बेटावर उभा आहे, शहरात नाही. ए-गाडी विमानातून उतरलेल्या माणसासाठी, ई-गाडी विमानतळावर राबणाऱ्या आणि शेजारच्या तुंग चुंगमध्ये राहणाऱ्या माणसासाठी. मला हे कळलं ते चुकीच्या गाडीत बसून. ११ हा आकडा पाहिला आणि चढलो. शहराकडे नेणाऱ्या पुलाकडे जाण्याऐवजी गाडी मालवाहू टर्मिनलांकडे वळली, मग विमानदुरुस्तीच्या अवाढव्य शेडांकडे. दर थांब्यावर चमकत्या पट्ट्यांची जाकिटं घातलेली माणसं चढत होती आणि बसल्या बसल्या झोपत होती. रात्रपाळी सुटली होती. सूटकेस घेतलेला मी एकटाच, तीही मांडीवर, कारण सामानाचा रॅक एवढासा. ए-गाडीत खालच्या मजल्यावर सामानाचे ऐसपैस कप्पे असतात आणि वरच्या मजल्यावरच्या पडद्यावर आपली बॅग जागेवर आहे की नाही ते दिसत राहतं. मीटिंगला उशीर झाला. पण त्या सकाळी मी विमानतळ पाहिला, एरवी नुसता ओलांडतो.

भाड्याची गंमत याहून मोठी. आपल्याकडे टप्पा असतो : कुठून कुठे जायचं सांगा, कंडक्टर त्याप्रमाणे तिकीट देतो. तिथे कंडक्टरच नाही. चढताना पैसे द्यायचे, आणि भाडं तुम्ही कुठे चढलात त्यावर ठरतं, कुठे उतरणार याची चौकशी कोणी करत नाही. ए११ विमानतळावर धरलीत की ४० डॉलरच्या आसपास गेले. मग सेंट्रलला उतरा नाहीतर पार नॉर्थ पॉइंटला. मात्र गाडी बंदराखालचा बोगदा पार करून हाँगकाँग बेटावर आली की चढणाऱ्याचं भाडं धाडकन उतरतं. तिथून पुढे ही विमानतळाची दिमाखदार गाडी साधी शहर बस होते. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या आजीबाई चढतात आणि तुमच्या सूटकेसकडे नाराजीने बघतात.

सुट्या पैशांची भानगड मात्र लक्षात ठेवायची. डब्यात ५० ची नोट टाकलीत तर उरलेले पैसे परत मिळत नाहीत, आणि वाद घालायला समोर कंडक्टर नाही. म्हणून ऑक्टोपस कार्ड घ्यावं. ते १९९७ पासून आहे. त्याच्या कँटोनीज नावात आठाचा आकडा आहे, आठही दिशांना पोहोचवणारं अशा अर्थाने. आता बँकेचं कार्डही चालतं, पण ऑक्टोपस टेकवल्यावर येणारा तो ‘टूट’ आवाज मला आवडतो. आपल्या कंडक्टरच्या पंचची टिकटिक आवडायची, तसाच.

एअरपोर्ट एक्स्प्रेस रेल्वे सेंट्रलला २४ मिनिटांत पोहोचवते, हे मला माहीत आहे. भाडं शंभर डॉलरच्या वर, आणि त्सिंग मा पुलावर ती धावते खालच्या मजल्यावर, पोलादी सांगाड्याच्या आतून. बस वरून जाते. १,३७७ मीटरचा मुख्य गाळा, खाली जहाजं, आणि तुम्ही डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पहिल्या बाकावर.

एक पोटभेद राहिला. ऑफिस सेंट्रलमध्ये नसून क्वुन टाँगमध्ये असेल, तर ए११ च्या नादी लागायचं नाही. कारखान्यांच्या त्या जुन्या वस्तीत आता काचेच्या कचेऱ्या झाल्यात आणि तिथे ए२२ जाते. वाटेत काउलून सिटी लागतं, काई टाकचा जुना शेजार. एके काळी तिथल्या गच्च्यांवरून विमानं इतकी खालून जायची की वाळत घातलेले कपडे अडकतील असं वाटावं.

तर बाई, मुलाची मीटिंग सकाळी असेल तर ए११. दुपारी असेल आणि सामान एकच बॅग असेल, तर ई११ मध्ये बसू द्या त्याला. आणि विमान मध्यरात्रीनंतर उतरत असेल तर एन११ शोधायला सांगा. एन-गाड्यांची कथा वेगळीच आहे, पण ती आधी की बीकेसी, हे पुढच्या आठवड्यात बघू.