फेरीवरचे साडेतीन तास : मोटारहोम सहलीचा पहिला धडा

हल्ली अनेक मराठी कुटुंबं न्यूझीलंडला मोटारहोम भाड्याने घेऊन फिरतात. झोपायला पलंग आणि स्वयंपाकाचा ओटा असलेली ही गाडी म्हणजे चाकांवरचं घरच. तिथेही आपल्यासारखंच रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतात. उत्तर बेटावरून दक्षिण बेटावर जायचं तर गाडीसकट फेरीत बसायचं. वेलिंग्टन ते पिक्टन, 92 किलोमीटर, सुमारे साडेतीन तास. बरेच जण हा वेळ मोबाईल बघत किंवा झोपून काढतात. पण मुलांना शिकवण्यासारखं इथे खूप काही आहे.

आधी नकाशा बघू या

मुलांना विचारा, "दक्षिण बेटावर जायला बोट कोणत्या दिशेला जाईल?" सगळे म्हणतील, दक्षिणेला! आता नकाशा उघडा. वेलिंग्टन आणि पिक्टन जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, साधारण 41 अंश दक्षिण. म्हणजे बोट मुख्यतः पश्चिमेला जाते. नावावरून दिशा ठरवायची नाही, हे मुलं इथे कायमचं शिकतात.

मधला समुद्र म्हणजे कुकची सामुद्रधुनी. सर्वांत अरुंद जागी ती सुमारे 22 किलोमीटर रुंद आहे. दोन बेटांच्या फटीतून वारा जोरात घुसतो, म्हणून इथला समुद्र खवळलेला असू शकतो. शेवटचा सुमारे तासभर मात्र बोट मार्लबरो साउंड्सच्या शांत पाण्यातून जाते. या समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या नदीच्या दऱ्या आहेत. आपल्या कोकणची किनारपट्टीही याच रिया प्रकारची. खाडी पाहिलेल्या मुलाला हे लगेच समजतं.

बोटीत चढण्यापूर्वी

- बुकिंग करताना गाडीची लांबी अचूक सांगा. मागे सायकलचा स्टँड असेल तर तोही मोजायचा.
- गॅस सिलिंडर बंद करा, हँडब्रेक लावा.
- बोट चालू असताना गाडीत बसता येत नाही. जॅकेट, दुर्बीण, वही आणि बोट लागण्याची गोळी आधीच बरोबर घ्या.

काय दिसू शकतं?

डॉल्फिन तर आहेतच. कधी कधी ते बोटीच्या पुढच्या लाटेवर स्वार होतात. साउंड्समध्ये नशीब असेल तर हेक्टर डॉल्फिन दिसतो. हा फक्त न्यूझीलंडमध्येच सापडतो. जेमतेम दीड मीटर लांब, आणि पाठीवरचा पर टोकदार नसून गोलसर. खडकांवर सील, मोकळ्या समुद्रावर अल्बाट्रॉस. जून-जुलैमध्ये कुबड्या देवमासे अंटार्क्टिकाकडून उष्ण पाण्याकडे जाताना याच सामुद्रधुनीतून जातात. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिथे शरद ऋतू असतो, त्यामुळे तेव्हा देवमाशांची फार आशा धरू नये.

मारणारेच मोजणारे झाले

साउंड्समध्ये शिरताना बोट टोरी चॅनल नावाच्या अरुंद वाटेने जाते. इथे पेरानो कुटुंबाचं देवमासे पकडण्याचं केंद्र होतं. टेकडीवर बसून दुर्बिणीने देवमाशाचा फवारा शोधायचा आणि वेगवान बोटी सोडायच्या. 1960 च्या एकाच हंगामात त्यांनी 226 कुबडे देवमासे मारले. पुढच्या काही वर्षांत देवमासे जवळपास दिसेनासेच झाले आणि डिसेंबर 1964 मध्ये हे केंद्र बंद पडलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. 2004 ते 2015 या काळात तिथल्या निसर्ग संवर्धन विभागाने दर हिवाळ्यात देवमाशांची मोजणी केली. त्यासाठी टेकडीवर कोण बसलं? जुने शिकारीच! फवारा ओळखणारी नजर त्यांच्याइतकी कोणाकडे होती? देवमासे हळूहळू परतताहेत, हे या मोजणीतून कळलं. तीच टेकडी, तीच नजर, फक्त हेतू बदलला. ज्ञान कशासाठी वापरायचं, हा प्रश्न मुलांशी बोलायला यापेक्षा चांगलं उदाहरण कोणतं?

मुलांचं काम

वहीत चार रकाने आखा : वेळ, बोटीची डावी की उजवी बाजू, काय दिसलं, किती. दर पंधरा मिनिटांनी नोंद करायची. काहीच दिसलं नाही तर मोकळं सोडायचं नाही, शून्य लिहायचं. "पाहिलं, पण दिसलं नाही" ही पण माहितीच असते. "पाहिलंच नाही" ही वेगळी गोष्ट. मोजणी करणाऱ्यांच्या वहीतही असे शून्य असतातच. मुलगा हिरमुसला तर त्याला हेच सांगा.

न्यूझीलंड लांब आहे, हे खरं. पण भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीतही गाडी चढते आणि हिवाळ्यात समुद्रपक्षीही दिसतात. तिथेही हीच चार रकान्यांची वही चालेल. पुढच्या सहलीला नक्की करून बघा आणि मुलांच्या नोंदी वर्गात वाचून घ्या.