बदामी रंग भिंतीवर गुलाबट का दिसतो?

शेड कार्डावर पसंत पडलेला उबदार बदामी रंग दोन हात मारून झाल्यावर गुलाबट दिसू लागतो. मशिनवर बनवलेला रंग दुकानदार सहसा परतही घेत नाही. यात रंगाऱ्याचा दोष क्वचितच असतो. बदामी म्हणजे फिकट तपकिरी. त्यात पिवळी, लाल किंवा हिरवट छटा दडलेली असते. कार्डावरच्या एवढ्याशा चौकोनात ती कळत नाही. चारही भिंतींचा रंग एकमेकींवर पडतो, तेव्हा ती उठून दिसते.

फरशीही रंग बदलून दाखवते. हिरवट कोटा फरशीशेजारी बदामी रंग आहे त्यापेक्षा लालसर भासतो, म्हणून तिथे पिवळसर झाक असलेली छटा घ्यावी. दारं सागवानी असतील तर भिंत लाकडापेक्षा बरीच फिकट हवी, नाहीतर दार भिंतीत हरवतं. छताला निळसर पांढऱ्यापेक्षा हस्तिदंती बरा.

६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली हाच रंग मळकट वाटतो, २७०० ते ३००० केल्विनच्या दिव्याखाली ऊबदार. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळच्या उन्हात तो नारिंगीकडे झुकतो.

त्यामुळे आधी छोटा डबा आणून दोन फुटी पांढऱ्या पुठ्ठ्यावर, कडा कोऱ्या ठेवून, दोन हात द्यावेत. थेट जुन्या भिंतीवर पट्टा मारला तर शेजारचा जुना रंग नजर फसवतो. पुठ्ठा पूर्ण वाळला की फरशीला टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून पाहावा. खिडकीसमोरच्या भिंतीशी एकदा, खिडकीच्या भिंतीशी एकदा.