साठला चोवीसनं भाग जात नाही

टीव्हीला जोडलेल्या स्ट्रीमिंग स्टिकवर क्रिकेटचा सामना बघताना एक गोष्ट नीट पाहा. फलंदाज उंच फटका मारतो, कॅमेरा चेंडूमागोमाग सीमारेषेकडे वळतो, आणि मागचे प्रेक्षक, जाहिरातींचे फलक, स्टँडचे खांब बारीक गचके खात सरकतात. इंटरनेट चांगलं असतं, चित्र कुठे फुटत नाही, टीव्हीही महागाचा असतो. तरी गचके येतातच. बहुतेक घरांत याचं खापर वायफायवर फुटतं. खरं कारण मात्र चौथीतल्या भागाकारात आहे.

आपल्याकडचं टीव्ही प्रक्षेपण ५०च्या हिशेबानं चालतं. घरात येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि जुन्या टीव्हीची पद्धत त्या विजेच्या तालाशी बांधलेली होती. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा सेकंदाला २५ चित्रं आणि प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत, म्हणजे ५० वेळा पडदा रंगवायचा, असा हिशेब होता. टीव्हीच्या जाडजूड पेट्या गेल्या, हिशेब टिकला. स्टिक मात्र बऱ्याचदा ६०च्या तालावर चालत असते, कारण अमेरिकेतली वीज ६०ची आणि तिथला टीव्हीही ६०चा. आता हाती चित्रं ५० आणि पडदा भरायचा ६० वेळा. मग दर पाच चित्रांमागे एक दोनदा दाखवावं लागतं. सेकंदात असं दहा वेळा घडतं. मैदान स्थिर असताना ते कळत नाही, पण कॅमेरा वळला की डोळा लगेच पकडतो.

इथे दोन आकडे वेगळे ठेवायला हवेत. चित्रीकरणात सेकंदाला किती चित्रं घेतली, तो फ्रेम रेट. पडदा सेकंदाला किती वेळा नव्यानं रंगवला जातो, तो रिफ्रेश रेट, हर्ट्झमध्ये मोजलेला. हा फरक मोबाइलच्या जमान्यातला नाही, जत्रेतल्या तंबूच्या थेटरातही होता. रिळावर सेकंदाला २४ चित्रं असायची, पण प्रोजेक्टरच्या भिंगापुढे फिरणारं पात्यांचं झाकण प्रत्येक चित्रावर दोनदा किंवा तीनदा प्रकाश सोडायचं. म्हणजे चित्रं २४ आणि पडद्यावर झोत ४८ किंवा ७२. सेकंदाला नुसते २४ झोत पडले असते तर पडदा डोळ्यांसमोर फडफडला असता. प्रत्येक चित्राला सारखेच झोत मिळत, म्हणून गचका नसे.

२४ हा आकडा आला ध्वनीमुळे. दादासाहेब फाळक्यांच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवत, वेग थोडा कमीजास्त झाला तरी मूकपटाला चालून जाई. रिळाच्या कडेला आवाजाची पट्टी आली आणि ते संपलं. वेग हलला की गाणं बेसूर होणार. म्हणून मिनिटाला ९० फूट फिल्म, म्हणजे सेकंदाला २४ चित्रं, हे प्रमाण पक्कं झालं, आणि सिनेमा अजून तेच पाळतो.

साठला चोवीसनं भाग जात नाही, आणि सिनेमा घरी बघताना हीच अडचण रोज येते. स्टिक ६०वर असली की ती एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा, पुन्हा तीनदा, पुन्हा दोनदा, असं दाखवते. एक चित्र ५० मिलिसेकंद थांबतं आणि पुढचं ३३. दिग्दर्शकानं डोंगररांगेवरून कॅमेरा संथपणे फिरवलेला असतो आणि आपल्याला तो लंगडत फिरताना दिसतो. मला हे फार खटकतं. त्या एका दृश्यासाठी छायालेखकानं किती वेळ उजेडाची वाट पाहिलेली असते, आणि ते बिघडतं सेटिंगमधल्या एका बंद बटणामुळे.

ते बटण शोधायला पाच मिनिटंही लागत नाहीत. फायर टीव्हीत सेटिंग्ज, मग डिस्प्ले अँड साउंड्स, मग डिस्प्लेमध्ये ‘मॅच ओरिजिनल फ्रेम रेट’ आहे. ॲपल टीव्हीत व्हिडिओ अँड ऑडिओखाली ‘मॅच कंटेंट’मध्ये ‘मॅच फ्रेम रेट’. नव्या गूगल टीव्ही आणि अँड्रॉइड टीव्हीतही डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये असाच पर्याय मिळतो. तो चालू केला की सिनेमा लावताच स्टिक टीव्हीला २४वर यायला सांगते, सामन्याला ५०वर. बदल होताना पडदा क्षण-दोन क्षण काळा होतो. टीव्ही बिघडला असं समजून पुष्कळ जण तिथेच तो पर्याय बंद करतात. खरं तर स्टिक आणि टीव्ही एचडीएमआयच्या जोडणीवरून नव्या वेगाची बोलणी करत असतात. एचडीएमआय २.१मधल्या एका सोयीनं हा काळा पडदा नाहीसा होतो, पण त्यासाठी स्टिक आणि टीव्ही दोघांकडे ती सोय हवी.

एक मेख मात्र आहे. ॲपनं आपल्या व्हिडिओचा वेग यंत्राला कळवला तरच हे सगळं चालतं, आणि प्रत्येक ॲप ते करत नाही. अशा वेळी सामना सुरू होण्यापूर्वी व्हिडिओ रेझोल्युशनमध्ये जाऊन ५० हर्ट्झ हातानं निवडावं आणि नंतर पुन्हा मागे यावं. कटकटीचं आहे, पण पाच दिवसांची कसोटी बघणाऱ्याला ती परवडते. न्यू जर्सीत बसून २५ चित्रांची मराठी मालिका बघणाऱ्यांची पंचाईत अधिक, कारण अमेरिकेत विकलेले काही टीव्ही ५०चा संकेत स्वीकारतच नाहीत.

टीव्ही कंपन्यांनी गचक्यांवर आपला उपाय काढला आहे: दोन चित्रांच्या मधलं चित्र यंत्रानंच कल्पनेनं रचायचं. एलजी त्याला ट्रूमोशन म्हणते, सोनी मोशनफ्लो. सामन्याला तो कधी कधी बरा दिसतो, पण सिनेमाचा पोतच त्यानं बदलतो, सगळं स्टुडिओत चित्रित केलेल्या मालिकेसारखं गुळगुळीत होतं. २०१८मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी ही सोय बंद करा असं सांगणारा व्हिडिओच काढला होता. मीही सिनेमासाठी ती बंदच ठेवायला सांगेन.

फोनवर प्रश्न निराळा आहे. तिथे आपण बातम्या, गप्पा, फोटो बोटानं सरकवत असतो आणि डोळा बोटाबरोबर सरकतो. ६० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद जागच्या जागी गोठलेलं असतं, डोळा मात्र पुढे गेलेला असतो. त्यामुळे अक्षरं फरफटल्यासारखी पुसट होतात. १२० हर्ट्झला हा वेळ निम्मा, ८.३ मिलिसेकंद, आणि पुसटपणाही साधारण निम्मा. शिरोरेघेच्या वर-खाली मात्रा, रफार, उकार बाळगणाऱ्या देवनागरीत हा फरक सरकत्या मजकुरावर जाणवतो. शिवाय १२०ला २४नं भाग जातो, ३०नं आणि ६०नंही जातो. ५०नं जात नाही, पण तिथली असमानता १७ ऐवजी ८ मिलिसेकंदांची, म्हणून ती फारशी टोचत नाही.

२०१७च्या रेझर फोनमध्ये १२० होतं, २०१९च्या वनप्लस ७ प्रोच्या ९०नंतर फोन कंपन्यांची चढाओढ वाढली, साध्या आयफोनला १२० मिळालं ते २०२५मध्ये. खरी प्रगती मात्र हा आकडा खाली उतरण्यात झाली. जुन्या पद्धतीच्या पडद्यात ट्रान्झिस्टरमधून विद्युतभार हळूहळू झिरपून जातो, म्हणून चित्र वारंवार रंगवावंच लागतं. एलटीपीओ नावाच्या नव्या पडद्यात ऑक्साइडचे ट्रान्झिस्टर तो भार धरून ठेवतात, आणि स्थिर चित्रासाठी पडदा सेकंदाला एकदाच रंगवला तरी भागतं. आयफोन १४ प्रो सतत चालू राहणाऱ्या पडद्यासाठी असाच १ हर्ट्झवर उतरतो. बॅटरी वाचते ती यामुळे. तेव्हा अशा फोनवर ‘ॲडॅप्टिव्ह’ किंवा ‘ऑटो’ हाच पर्याय ठेवावा, सक्तीनं १२०वर बांधू नये.

स्वस्त फोनचं वेगळं. पडदा १२०चा पण प्रोसेसर तेवढी चित्रं वेळेत तयार करू शकत नाही, असं घडतं, आणि मग १२०वर अडखळणारा फोन ६०वर अधिक सरळ चालतो. जाहिरातीत ठळक छापलेला ‘२४० हर्ट्झ टच सॅम्पलिंग’ तर चित्राचा आकडाच नाही. बोट कुठे आहे हे पडदा सेकंदाला किती वेळा तपासतो, एवढंच तो सांगतो. आपल्या फोनवर प्रत्यक्षात काय चाललं आहे हे अँड्रॉइडमध्ये बघता येतं: ‘अबाउट फोन’मधल्या बिल्ड नंबरवर सात टिचक्या माराव्यात, उघडलेल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘शो रिफ्रेश रेट’ असेल तर चालू करावं. कोपऱ्यात आकडा उमटतो. मग एकेक ॲप उघडून पाहावं. १२०साठी पैसे मोजलेल्या फोनवर तुमचं रोजचं ॲप ६०वरच चालतंय का, ते तिथे समजतं.