बोटीची दोन निशाणे

सातारा-सांगलीला समुद्र नाही, तरी इथली मुले बोटीवर जातात. जपानी कंपनीची बोट मिळाली की घरचे निर्धास्त होतात. पण बोटीवर कायदा कोणाचा, हे कंपनीच्या नावावरून नव्हे, निशाणावरून ठरते. आणि बोटीला निशाणे दोन असतात.

पिछाडीला असते ते बोटीची नोंदणी ज्या देशात झाली त्या देशाचे. डोलकाठीवर चढते ते कंपनीचे. तेच चिन्ह बहुधा धुराड्यावरही रंगवतात. पहिल्यामागे कायदा असतो, दुसऱ्यामागे कंपनीची ओळख.

जपानी कंपन्यांची निशाणे त्यांचा इतिहास सांगतात. मित्सुबिशीचे तीन हिरे आपण मोटारींवर पाहतो, पण ते मुळात बोटींचे चिन्ह. संस्थापक इवासाकी यातारो तोसा संस्थानातले. त्यांच्या घराण्याचे तीन चौकटींचे चिन्ह आणि तोसाच्या यामाउची अधिपतींची तीन ओकपाने यांच्या मेळातून ते तयार झाले. १८८५ मध्ये मित्सुबिशीचा जहाजधंदा आणि प्रतिस्पर्धी क्योदो उन्यु कंपनी एकत्र येऊन ‘निप्पॉन युसेन काइशा’ झाली. तिच्या पांढऱ्या निशाणावरचे दोन तांबडे आडवे पट्टे म्हणजे या दोन कंपन्या.

हे पट्टे मुंबईला लवकरच दिसले. जपानी गिरण्यांना आपला कापूस हवा होता, पण वाहतूक पी. अँड ओ. आणि तिच्या सोबत्यांच्या मुठीत होती. जमशेटजी टाटांनी जपानी कंपनीशी करार केला आणि ७ नोव्हेंबर १८९३ रोजी ‘हिरोशिमा मारू’ कोबेहून मुंबईसाठी निघाली. पी. अँड ओ. ने भाडे टनाला दीड रुपयापर्यंत पाडले. टाटांची बोटसेवा बुडाली, जपानी टिकली. त्या बोटीच्या डोलकाठीवर जपानी कंपनी होती आणि पिछाडीला जपानचाच सूर्य.

आपल्याकडे तसे नव्हते. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, ते वालचंद हिराचंद सिंधिया कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. कंपनी स्वदेशी, पण पिछाडीला निशाण ब्रिटिशांचेच लावावे लागे. ती सक्ती होती.

आज जपानी मालकांच्या बहुसंख्य बोटींच्या पिछाडीलाही जपान नसतो. पनामा, लायबेरिया असे देश असतात. ही मात्र निवड आहे: कर कमी आणि खलाशी कुठल्याही देशाचे घेण्याची मोकळीक. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेली ‘एव्हर गिव्हन’ आठवा. मालक जपानी, चालवणारी कंपनी तैवानची, नोंदणी पनामाची आणि बोटीवरचे पंचवीसही कर्मचारी भारतीय. भरपाईचा वाद मिटून जुलैत बोट सुटेपर्यंत ती इजिप्तमध्ये अडकून होती.

पगार थकला, अपघात झाला, तर बोटीवरच्या माणसाला आधी आठवते ती कंपनी. पण बोटीची तपासणी करण्याची आणि खलाशांच्या हक्कांचे नियम पाळले जातात का, हे पाहण्याची पहिली जबाबदारी आंतरराष्ट्रीय कायद्याने पिछाडीच्या निशाणाच्या देशावर टाकली आहे. म्हणून करारावर सही करण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: बोटीची नोंदणी कोणत्या देशात आहे, आणि भरती करणारी संस्था मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाकडे नोंदलेली आहे का. धुराड्यावरचे पट्टे पाहून निर्धास्त होऊ नये.