बॅकस्टेला ताण कसा द्यावा?

काम : डोलकाठीच्या शेंड्यापासून बोटीच्या मागच्या टोकापर्यंत जाणारी ही पोलादी तार डोलकाठीला पुढे झुकू देत नाही.

बदल : तार खाली दोन फाट्यांत विभागा. फाट्यांवरच्या कप्प्या दोरीने खाली ओढल्या की फाटे जवळ येतात, तार ताणली जाते. ही दोरी 4:1 कप्पीसंचातून घेतली, तर 20 किलोच्या ओढीतून, घर्षण वगळता, 80 किलोंचा जोर मिळतो.

परिणाम : डोलकाठी वाकते, मोठे शीड सपाट होते, जोरदार वाऱ्यात बोट कमी कलते. वारा पाठीमागून आला की ताण सैल करा.

जपा : दोरी तुटली तरी फाट्यांनी डोलकाठी धरली पाहिजे. तारेच्या टोकाशी एक तंतू जरी तुटलेला दिसला, तरी ती बदलाच.