पल्ला स्वस्त, मुक्काम महाग

दिवाळीच्या सुट्टीची आखणी सुरू झाली की हल्ली घरोघरी एकच वाद रंगतो. कोणी गोव्याचं नाव काढलं की दुसरा कोणी मोबाइल पुढे सरकवतो आणि म्हणतो, "एवढ्यात तर थायलंड होतं!" पन्नास वर्षांपूर्वी असं कोणी म्हटलं असतं, तर घरच्यांनी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. आज हे बोलणं कोणालाच वेडगळ वाटत नाही. ही वेळ कशी आली, ते मागे वळून पाहण्यासारखं आहे.

प्रवासाच्या खर्चाचे ढोबळ दोन भाग असतात: पल्ल्याचा आणि मुक्कामाचा. तिकीट जाता-येता लागतं, खोलीचं भाडं मात्र रोज चढतं. गेल्या साठ-सत्तर वर्षांत या दोन खर्चांनी आपापल्या जागा बदलल्या. सगळ्या वादाचं मूळ तिथं आहे.

स्वातंत्र्यानंतरची पहिली दोन-तीन दशकं मध्यमवर्गीय मराठी माणसाला मुक्कामाचा खर्च जवळजवळ नव्हताच. मे महिन्यात मामाच्या गावी जायचं, लग्नकार्याला जोडून नाशिक-त्र्यंबक करायचं, काशीला गेलं तर धर्मशाळेत किंवा भटजींच्या वाड्यात उतरायचं. होल्डॉल उलगडला की बिछाना तयार, स्टोव्ह पेटवला की जेवणाचा प्रश्न मिटला. पैसे लागत ते तिकिटाला. ते जमवण्यासाठी वर्ष-वर्ष थांबावं लागे. गोव्याला जाणारा बोटीनं जाई. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या 'कोकणसेवक'सारख्या बोटीच्या डेकवर पथारी टाकली की सकाळी पणजी.

सरकारचा समजही तसाच होता. नोकरदारांना मिळणारी प्रवास सवलत, म्हणजे आपली एलटीसी, बघा. प्राप्तिकरातली तिची सूट फक्त जाण्या-येण्याच्या भाड्यावर मिळते. राहण्या-जेवणाचा एक रुपयाही त्यात धरला जात नाही. माणूस प्रवासाला निघाला म्हणजे खर्च होणार तो भाड्यावर, हेच कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. त्या काळी ते बरोबरच होतं.

परदेशाचा तर विषयच नव्हता. 1960 साली पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' आली आणि घरोघरी वाचली गेली. त्यातल्या बहुतेक वाचकांना विलायत पुस्तकातच भेटणार होती. 1966 च्या अवमूल्यनात डॉलर 4 रुपये 76 पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. परकी चलनाची चणचण एवढी, की बाहेर जायचं तर रिझर्व्ह बँकेच्या 'पी फॉर्म'ची परवानगी हवी, आणि ती मिळाल्यावरही हातावर पडायचे आठ डॉलर. नातेवाईक किंवा यजमान संस्था नसेल, तर आठ डॉलरमध्ये विमानतळाबाहेर पडणंही मुश्कील. 'देशात महाग की परदेशात' हा प्रश्नच तेव्हा कोणाला पडत नव्हता.

मुक्कामाला पैसे मोजायची सवय आपल्याला हळूहळू लागली. 1975 मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झालं आणि नातेवाईक नसलेल्या गावीही सहलीला जायची सोय झाली. 1984 मध्ये केसरी पाटील यांनी आपली सहल कंपनी काढली. तिकिटांपासून जेवणापर्यंत सगळं एका रकमेत बसवणाऱ्या सहलींची मराठी घरांना चटक लागली. आधी राजस्थान, काश्मीर, केरळ. मग सिंगापूर, थायलंड, युरोप. 'आपली माणसं, आपलं जेवण' हे या सहलींचं मोठं आकर्षण होतं. 1998 मध्ये कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली आणि मुंबईकराला गोवा रात्रीच्या झोपेएवढा जवळ आला. रत्नागिरी-सिंधुदुर्गात 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' अशा पाट्या लागू लागल्या. मुक्कामाचे पैसे आता पडू लागले होते. पण ते घरमालकिणीच्या हातात, बेताचे, आणि सोलकढीसकट.

खरी उलथापालथ 2003-04 पासूनची. 2003 मध्ये एअर डेक्कननं स्वस्त विमानप्रवासाचं दार उघडलं, 2006 मध्ये इंडिगो आली. 2004 च्या सुरुवातीला सरकारनं देशांतर्गत हवाई प्रवासावरचा कर आणि परदेश प्रवासकर, दोन्ही काढून टाकले. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेनं सामान्य माणसाला वर्षाला 25 हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली. 2015 मध्ये ती अडीच लाखांवर गेली. आठ डॉलरपासून अडीच लाख डॉलरपर्यंतचा हा प्रवास जेमतेम दोन पिढ्यांचा आहे. पल्ला स्वस्त झाला, अडसर गेले आणि बँकॉक मुंबईपासून चार-साडेचार तासांवर आलं.

या काळाची एक गंमत न्यायालयाच्या निकालात नोंदली गेली आहे. स्टेट बँकेच्या काही कर्मचाऱ्यांनी प्रवास सवलत घेतली ती देशातल्या ठिकाणाच्या नावानं. प्रत्यक्ष मार्ग मात्र दिल्ली-मदुराई-कोलंबो-क्वालालंपूर-सिंगापूर-कोलंबो-दिल्ली. बँकेनं ही रक्कम करमुक्त धरली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 4 नोव्हेंबर 2022 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश उदय लळित यांच्या पीठानं निकाल दिला: सवलत देशातल्या दोन ठिकाणांमधल्या जवळच्या मार्गासाठी आहे, मदुराईला व्हाया सिंगापूर जाण्यासाठी नाही. कायदा जुन्या हिशेबावरच उभा होता. लोकांचा हिशेब कधीच पुढे गेला होता.

आता गेल्या आठ-नऊ वर्षांकडे येऊ, कारण देशातला मुक्काम डोळ्यांवर आला तो याच काळात. जुलै 2017 मध्ये जीएसटी लागू झाला आणि साडेसात हजारांच्या वरच्या खोलीवर 28 टक्के कर बसला. थायलंडमध्ये तेव्हाही व्हॅट 7 टक्केच होता. हॉटेलवाल्यांनी ओरड केली. अखेर सप्टेंबर 2019 मध्ये जीएसटी परिषदेची बैठक गोव्यातच भरली आणि 28 चे 18 झाले. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्केच कर आहे. हा खरा दिलासा. पण त्यात एक उंच पायरी राहिली आहे. 7,500 च्या खोलीचं बिल करासकट 7,875 रुपये होतं. तीच खोली सुट्टीच्या गर्दीत 8,000 ला गेली की 18 टक्क्यांनी 9,440 रुपये. भाडं पाचशेनं वाढलं, बिल 1,565 रुपयांनी. आणि अशा महागड्या खोल्यांच्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटचा करही 18 टक्के. म्हणजे तिथली इडलीसुद्धा वरच्या पायरीवर.

पण सगळं खापर करावर फोडून चालणार नाही. मोठं कारण आहे खोल्यांचा तुटवडा. नावाजलेल्या साखळी हॉटेलांच्या खोल्या सगळ्या देशात मिळून दोन लाखांच्या आसपास, आणि शाळांच्या सुट्ट्या, लांब शनिवार-रविवार, लग्नाचे मुहूर्त सगळ्यांचे एकाच वेळी. करोनानंतर घराबाहेर पडण्याची जी लाट आली, ती या तुटपुंज्या खोल्यांवर आदळली. गोव्याच्या पर्यटन खात्याचे आकडेच पाहा. 2019 मध्ये विदेशी पाहुणे 9 लाख 37 हजार होते, 2024 मध्ये 4 लाख 67 हजार. देशी पाहुणे मात्र 71 लाखांवरून जवळपास एक कोटीवर गेले. 2024 च्या अखेरीस 'गोवा ओस पडला' अशी हाकाटी समाजमाध्यमांवर झाली, ती या आकड्यांत बसत नाही. विदेशी माणूस निम्म्यानं घटला हे खरं. पण त्याच्या जागी आपणच इतके गेलो, की दर उतरायला कारणच उरलं नाही.

गोव्यात मुक्कामाच्या जोडीला आणखी एक खर्च चिकटतो, स्थानिक फिरण्याचा. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला. तो पेडण्यात, राज्याच्या उत्तर टोकाला. पाळोळ्याच्या किनाऱ्यावर जायचं तर काणकोणपर्यंत अख्खा गोवा उभा पार करावा लागतो. मीटरनं चालणारी टॅक्सी आणि ॲपवरची टॅक्सी हे दोन्ही तिथले जुने तंटे. 2018 मध्ये 'गोवा माइल्स' ॲप आलं, तेव्हापासून स्थानिक टॅक्सीवाल्यांचा त्याला विरोध आहे. बँकॉकला मीटर आहे, ॲप आहे, मेट्रो आहे. टॅक्सीवाल्याच्या पोटापाण्याची बाजू मला कळते; पण विमानाच्या तिकिटाशी बरोबरी करणारं टॅक्सीभाडं मोजलेला पाहुणा ते वर्षभर सांगत सुटतो, हेही तेवढंच खरं.

मुक्काम असा महाग होत गेला आणि स्वस्त झालेला देशांतर्गत पल्लाही पुन्हा वर सरकला. एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज जमिनीवर आली, मे 2023 मध्ये गो फर्स्ट. आज देशातले निम्म्याहून जास्त हवाई प्रवासी एकट्या इंडिगोनं जातात. डिसेंबर 2025 मध्ये तिची उड्डाणं कोलमडली, तेव्हा भाडी इतकी भडकली की सरकारनं कमाल मर्यादा घातली: 500 किलोमीटरपर्यंत साडेसात हजार. मुंबई-गोवा त्याच टप्प्यात बसतं. शिवाय विमानाचं इंधन जीएसटीच्या बाहेर आहे. देशातल्या फेरीच्या इंधनावर राज्याचा व्हॅट पडतो, परदेशी जाणाऱ्या फेरीच्या इंधनावर पडत नाही. जवळच्या पल्ल्याला करही जास्त, अशी ही तऱ्हा.

इकडे हे होत असताना शेजाऱ्यांनी दारं सताड उघडली. थायलंडनं नोव्हेंबर 2023 पासून भारतीयांचा व्हिसा माफ केला. पूर्वी विमानतळावर माणशी 2,000 बाट मोजावे लागत. चौघांच्या कुटुंबाचे अठरा-एकोणीस हजार रुपये एका फटक्यात वाचले. डिसेंबर 2023 पासून मलेशियानंही तेच केलं. व्हिएतनामला 2019 मध्ये 1 लाख 69 हजार भारतीय गेले होते, 2024 मध्ये पाच लाखांच्या घरात. 2023-24 या वर्षात भारतीयांनी रिझर्व्ह बँकेच्या त्याच मुभेखाली बाहेर पाठवलेल्या 31.7 अब्ज डॉलरपैकी सुमारे 17 अब्ज प्रवासावरचे होते.

देशातच फिरा, असं आवाहनही झालं. 15 ऑगस्ट 2019 च्या भाषणात पंतप्रधानांनी 2022 पर्यंत देशातली पंधरा ठिकाणं पाहा असं सांगितलं. जानेवारी 2024 मध्ये त्यांच्या लक्षद्वीप भेटीची छायाचित्रं आली, मालदीवशी वाद पेटला आणि अनेकांनी मालदीवची आरक्षणं रद्द केली. पण अगत्तीच्या आखूड धावपट्टीवर छोटीच विमानं उतरतात, बेटांवर जायला परवाना लागतो आणि राहायला खोल्या मोजक्याच. अंगात उत्साह भरपूर असला, तरी पाठ टेकायला पलंग हवा.

मग अखेरचा हिशेब काय? परदेश स्वस्त झाला, हे अर्धंच खरं आहे. वीस वर्षांपूर्वी रुपया-सव्वा रुपयाला मिळणारा बाट आज अडीच रुपयांच्या पुढे आहे. आपल्या रुपयात तिकडची प्रत्येक खोली आणि प्रत्येक जेवण त्यामुळे महागच झालं. तरीही थायलंड परवडतं असं वाटतं, कारण इकडचा मुक्काम त्याहून वेगानं चढला. शिवाय तुलना करताना आपण लबाडी करतो. नाताळातल्या गोव्याची पंचतारांकित खोली आणि पावसाळ्यातल्या फुकेतची सवलतीतली खोली शेजारी ठेवतो. त्यात पासपोर्ट, विमा, कार्डावरचं परकी चलनाचं शुल्क आणि सहल कंपनीनं आगाऊ वसूल केलेला, विवरणपत्र भरेपर्यंत अडकून पडणारा टीसीएस हा कर धरतच नाही.

माझा कौल असा. माणसं किती आणि रात्री किती, यावर उत्तर ठरतं. चौघांचं कुटुंब, तीन-चार रात्री, आपली गाडी किंवा रेल्वे, कोकणातलं घरगुती राहणं किंवा शेगावसारख्या ठिकाणचं भक्तनिवास, असा बेत असेल तर देशाला आजही तोड नाही. गाडीत चौघं बसले तरी पेट्रोल एकाचंच लागतं. विमानात तिकिटं चार. दोघंच जाणार असतील, मुक्काम आठवडाभराचा असेल आणि राहणं बऱ्यापैकी हॉटेलातच हवं असेल, तर थायलंड-व्हिएतनामचं तिकीट रोजच्या खर्चात भरून निघतं आणि परदेश स्वस्त पडतो. सर्वांत महाग बेत एकच: सुट्टीच्या ऐन गर्दीत विमानानं गोव्याला जाऊन पंचतारांकित हॉटेलात राहणं. नेमकी हीच सहल धरून आपण 'देश महाग' म्हणत बसतो. पुढच्या वेळी मोबाइल पुढे सरकवण्याआधी दोन्हीकडच्या तारखा सारख्या घ्या, खोल्या त्याच दर्जाच्या घ्या आणि घराच्या उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतचा खर्च मांडा. मग कुठं जायचं ते खुशाल ठरवा.