थोर खेळाडूंचे माप

घरात क्रिकेटच्या गप्पा रंगल्या म्हणजे एक वाद हटकून निघतो. आजोबा गावसकरांचे नाव घेतात, वडील तेंडुलकरांचे, तर नातू कोहलींचे. कोणी धावांचे कोष्टक पुढे करतो आणि वाद मिटण्याऐवजी अधिकच चढतो. तो निकालात काढण्याचा माझा मानस नाही. खेळाडूची थोरवी कोणत्या मापाने मोजावी, एवढाच विचार आज आपणांपुढे मांडावयाचा आहे. आणि त्यासाठी शेवटी आपणांस बीडपर्यंत यावे लागेल.

पहिले माप अर्थात आकड्यांचे. ब्रॅडमन यांची कसोटीतील सरासरी 99.94, तिच्यापुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. परंतु हेच माप नागपूरच्या सी. के. नायडूंना लावून पाहा. सात कसोटी सामने, 350 धावा आणि सरासरी अवघी 25! कोष्टकापुरते पाहणारा मनुष्य त्यांना सामान्य फलंदाज म्हणून बाजूस सारील. पण 1926 साली मुंबई जिमखान्यावर गिलिगन यांच्या इंग्रज संघाविरुद्ध याच गृहस्थांनी 11 षटकारांसह 153 धावा केल्या, आणि त्याच दौऱ्यात प्रा. दि. ब. देवधरांनी 148 धावा काढल्या. इंग्रजांच्या गोलंदाजीस आपले लोक निर्भयपणे तोंड देऊ शकतात, हे हजारोंनी डोळ्यांनी पाहिले. पुढे 1928 साली भारताचे क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि 1932 साली लॉर्ड्सवर पहिला कसोटी सामना खेळावयास जो संघ उतरला, त्याचे कर्णधार नायडूच होते. हा परिणाम सरासरीच्या रकान्यात कोठे मांडणार?

आकड्यांत आणखी एक उणीव आहे. ज्याला संधी मिळाली, त्याचेच आकडे असतात. देवधरांनी महाराष्ट्राच्या संघाला 1939-40 आणि 1940-41 अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक मिळवून दिला. पण अधिकृत कसोटी सामना त्यांच्या वाट्यास आला नाही. पळवणकर बाळू यांची कथा तर मनाला चटका लावणारी आहे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 गडी बाद केले. मैदानावर त्यांच्या फिरकीवर विसंबणारे लोक चहाच्या वेळी मात्र त्यांना वेगळे बसवीत. हिंदू संघाचे कर्णधार म्हणून त्यांची निवड झाली नाही ती नाहीच. परंतु 1923 साली तोच मान त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला. वडील भावाने सोसलेल्या अपमानांतून आणि गाजविलेल्या पराक्रमातून ती वाट निघाली होती.

आता बीडकडे वळू. संजय बांगर यांचा जन्म 1972 साली बीडचा. रेल्वेच्या संघातून नाव मिळवून ते भारताकडून बारा कसोटी सामने खेळले. 2002 साली लीड्स येथे आभाळ भरलेले, खेळपट्टी दमट, आणि सेहवाग लवकर बाद झालेले. अशा वेळी बांगर 236 चेंडू खेळून राहिले. धावा केल्या 68. पण द्रविड यांच्याबरोबर त्यांनी 170 धावांची भर घातली. पुढे तेंडुलकरांनी 193 व गांगुलींनी 128 धावा केल्या आणि भारताने तो सामना डावाने जिंकला. लोकांच्या स्मरणात शतके राहिली, हे स्वाभाविक आहे. तथापि त्या शतकांची पायाभरणी कोणी केली, हे विसरणे न्यायाचे नव्हे.

तेंडुलकरांची शंभर आंतरराष्ट्रीय शतके सर्वांस ठाऊक आहेत. पण त्यांच्या प्रभावाची खूण मला बीडच्या एका घरात दिसते. 2005 साली तेथे जन्मलेल्या मुलाचे नाव तेंडुलकरांवरून सचिन ठेवण्यात आले. हाच सचिन धस 2024 साली दक्षिण आफ्रिकेत एकोणीस वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात खेळला. उपांत्य सामन्यात 245 धावा हव्या असताना भारताचे चार गडी 32 धावांत परतले होते. त्याने उदय सहारन याच्याबरोबर 171 धावांची भागीदारी केली व स्वतः 96 धावा केल्या. सामना भारताने जिंकला. अंतिम सामन्यात पराभव झाला, परंतु बीडचे नाव देशभर ऐकू गेले.

मात्र नुसत्या नावाने खेळाडू घडत नाही. त्यामागे मैदान लागते, शिकविणारा लागतो, आणि मुलाचा वेळ वाया जातो असे न म्हणणारे आईबाप लागतात. म्हणून यापुढे थोरवीचा वाद निघाला, म्हणजे धावा अवश्य मोजाव्यात; पण आणखी दोन प्रश्न विचारावेत. या खेळाडूमुळे त्या दिवशी सामन्यात काय बदलले? आणि त्याच्या मागून येणाऱ्यांना कोणती वाट मोकळी झाली? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोष्टकात नसते. ते एखाद्या जिल्ह्याच्या गावी, संध्याकाळी सरावाला निघालेल्या मुलाकडे पाहून मिळते.